दारावरची थाप : आमच्या जिल्ह्यांत पीडितांस व मनोरुग्णांस मिळालेल्या आधाराचा इतिहास



ज्युबिलीच्या पुस्तकांत मंदिर कोणीं बांधलें, घंटा केव्हां चढविली, कोणते फादर किती वर्षें येथें राहिले व किती जणांचा बाप्तिस्मा झाला, ह्या गोष्टी येतात व त्या आल्याच पाहिजेत. त्यांचा वृत्तांत ह्या पुस्तकांत इतर लेखकांनीं दिला आहे. आमच्या वांट्यास निराळा विषय आला आहे. मिशन बंगल्याच्या दारावर दिवसा पडणारी थाप व रात्रीं पडणारी थाप ह्यांत फरक असतो. दिवसा लोक दाखला मागण्यास, लग्नाची तारीख ठरविण्यास, मिस्सा नोंदविण्यास येतात. रात्रीं येणारा मनुष्य बहुधा दोहोंपैकीं एका कारणानें येतो. एक तर दुसऱ्या कोणीं त्याच्यावर किंवा त्याच्या लेकीबाळींवर हात टाकलेला असतो. नाहीं तर त्याच्या घरांतील कोणाचें तरी मन ठिकाणावर राहिलेलें नसतें. ह्या दोन प्रकारच्या माणसांना आमच्या जिल्ह्यानें पूर्वीं काय दिलें, आज काय देतो, आणि आपण ख्रिस्ती लोक त्यांत कोठें होतों, हें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

इतिहास लिहिणारानें आधीं स्वतःची चूक सांगावी, म्हणजे दुसऱ्यांविषयीं लिहिण्याचा त्यास थोडा अधिकार येतो. आम्ही नुकतेच धर्मग्रामाच्या कामावर रुजू झालों होतों. पावसाळ्यांतील एका रात्रीं एक आई आपल्या विशीच्या मुलास घेऊन आली. तो चार रात्री झोपला नव्हता. भिंतीपलीकडे लोक आपल्याविषयीं बोलतात, असें तो सारखें म्हणत होता. आई म्हणाली, "फादर, ह्याच्यावर हात ठेवा." आम्हीं हात ठेवला, प्रार्थना केली, आशीर्वादित पाणी दिलें व रविवारीं मिस्सेस आणा असें सांगितलें. रविवारीं तो मंदिरांत आला, पण चौघांच्या खांद्यावरून. त्यानें स्वतःच आपलें जीवन संपविलें होतें. प्रार्थना केली ह्याचा आम्हांस पश्चात्ताप नाहीं. दारांत जीप उभी असतां त्याच रात्रीं त्यास डॉक्टरांकडे नेलें नाहीं, ह्याचा आहे.

दुसरी गोष्ट २०१२ सालापूर्वींची. एका बापानें विचारलें, "मुलगी लहान आहे, करणारा भावकींतला आहे; फादर, फिर्याद देऊं कीं नको?" जमलेल्या वडीलधाऱ्यांनीं प्रकरण मिटवून टाकण्याचा सल्ला दिला. आम्ही त्यांच्यामध्यें बसलों होतों व गप्प होतों. आमचें तें गप्प बसणें हीच संमति मानली गेली. प्रकरण मिटलें असें सर्वांनीं म्हटलें. मुलीनें मात्र शाळा सोडली.

ह्या दोन रात्रींमुळें आम्ही ह्या इतिहासाकडे वळलों.

दयेचीं पहिलीं दारें

आमचा जिल्हा क्षेत्रफळानें महाराष्ट्रांतील सर्वांत मोठा. तालुके चौदा, विस्तार सुमारें सतरा हजार चौरस किलोमीटर. २०२४ सालीं त्याचें नांव बदलून अहिल्यानगर झालें. लोकांच्या तोंडीं अजून 'नगर' हेंच आहे. अकोल्याच्या डोंगरांत राहणाऱ्या माणसास जिल्ह्याचें ठिकाण शंभर किलोमीटरांहून अधिक दूर. ही गोष्ट आरंभींच ध्यानांत घ्यावी, कारण संकटांत सांपडलेल्यास पहिली अडचण अंतराची असते व दुसरी लाजेची.

१८३१ सालीं अमेरिकन मराठी मिशनचे लोक नगरांत आले. त्याच मिशनच्या मिस सिंथिया फरार ह्यांनीं मुलींच्या शाळा चालविल्या, व त्यांच्याकडेच सावित्रीबाई फुले ह्यांनीं अध्यापनाचें शिक्षण घेतलें. ही गोष्ट शाळेंतील मुलांनाही माहीत असते. तिच्या पुढची गोष्ट मात्र क्वचित् सांगितली जाते. १८६३ सालीं जोतीराव व सावित्रीबाई ह्यांनीं पुण्यांत आपल्या घरीं बालहत्या प्रतिबंधक गृह उघडलें. फसविल्या गेलेल्या किंवा बळजबरीस बळी पडलेल्या विधवांनीं तेथें गुप्तपणें यावें, बाळंत व्हावें, मूल ठेवावयाचें असल्यास ठेवावें व सुखरूप परत जावें, अशी व्यवस्था होती. त्या काळीं अशा विधवेपुढें दोनच वाटा असत: स्वतः मरणें किंवा मूल मारणें, आणि मूल मारल्यास काळें पाणी. फुले दांपत्यानें तिसरी वाट काढली. तेथेंच जन्मलेल्या एका मुलास त्यांनीं दत्तक घेतलें. तेच पुढें डॉक्टर यशवंत फुले.

आमच्या जिल्ह्याच्या सीमेपलीकडे दौंड तालुक्यांत केडगांव आहे. १८९६-९७ च्या दुष्काळांत पंडिता रमाबाईंनीं दूरदूरच्या प्रांतांतून अनाथ मुली व विधवा तेथें आणल्या. दुष्काळांत अन्नाच्या आमिषानें मुली विकल्या जात, हें त्यांनीं स्वतःच्या डोळ्यांनीं पाहिलें होतें. अत्याचारानें किंवा फसवणुकीनें आयुष्य मोडलेल्या स्त्रियांसाठीं त्यांनीं मुक्ति मिशनमध्यें कृपासदन नांवाचें निराळें घर काढलें.

ह्या थोर व्यक्ती आमच्या पंथाच्या नव्हत्या. परंतु दार कोणीं उघडलें हें सांगतांना पंथ पाहूं नये. येथें एक गोष्ट मात्र ओळखली पाहिजे. हें सर्व काम व्यक्तींच्या दयेवर चाललें होतें. कायदा ह्या स्त्रियांकडे साक्षीदार म्हणून पाही. १८६० सालीं भारतीय दंडसंहिता झाली, तिनें गुन्ह्यांची यादी केली व शिक्षा ठरविल्या. खटला सरकार विरुद्ध आरोपी असा उभा राही. ज्याच्या अंगावर घाव पडला तो मनुष्य कोर्टांत एक दिवस बोलावला जाई, प्रश्न विचारले जात व तो घरीं परत जाई. त्याची झोप उडाली कीं काय, त्याचें शेत पडीक राहिलें कीं काय, हें विचारण्याचें काम कोणत्याच कचेरीचें नव्हतें.

येरवड्याची वाट

मन बिघडलेल्या माणसाची कथा दुसऱ्या वाटेनें गेली. १८५८ सालीं व पुन्हां १९१२ सालीं इंग्रज सरकारनें वेड्यांविषयीं कायदे केले. रस्त्यांत भटकणाऱ्या वेड्यास पोलिसांनीं धरावें, मॅजिस्ट्रेटपुढें उभें करावें, मॅजिस्ट्रेटनें हुकूम द्यावा व त्यास इस्पितळांत पोंचवावें, अशी ती रीत. म्हणजे रोगी मनुष्य डॉक्टरापर्यंत जाई तो चोराच्याच वाटेनें. आमच्या जिल्ह्यास सर्वांत जवळचें मोठें इस्पितळ पुण्याचें, येरवड्याचें. योगायोग असा कीं कारागृहही येरवड्यासच. 'ह्याला येरवड्याला धाडा' असें आपल्याकडे थट्टेनें म्हणतात. त्यांत तुरुंग अभिप्रेत आहे कीं इस्पितळ, हें बोलणारासही सांगतां यावयाचें नाहीं. दोहोंची बेअब्रू लोकांच्या मनांत एकच होऊन बसली. ह्या इस्पितळांत २,५४० रोग्यांची सोय मंजूर आहे. एवढें मोठें घर असूनही पुष्कळ रोगी बरे झाल्यावर तेथेंच राहिले, कारण न्यावयास घरचें कोणी आलें नाहीं.

जे येरवड्यास गेले नाहींत ते घरीं राहिले. कोणी गोठ्यांत, कोणी दोरीनें बांधलेले. 'बाहेरचें झालें', 'कोणीं करणी केली', असें म्हणून देवऋष्याकडे नेण्याची चाल सर्व धर्मांच्या लोकांत होती. आमचे ख्रिस्ती लोक त्यास अपवाद होते असें आम्हांस म्हणतां येत नाहीं. भूत काढण्याच्या नांवाखालीं मारहाण करणें हा महाराष्ट्रांत २०१३ सालच्या जादूटोणाविरोधी कायद्यानें गुन्हा ठरला आहे. साखळीचा शेवट कोठें होतो, हें ६ ऑगस्ट २००१ रोजीं सर्व देशास दिसलें. तामिळनाडूंतील एरवाडी येथें दर्ग्याच्या आसऱ्यानें चाललेल्या एका निवाऱ्यास आग लागली. रोगी साखळदंडानें बांधलेले होते. त्यांतील २८ जण पळतां न आल्यामुळें मेले.

ह्याच्या उलट अशी एक जुनी गोष्ट बेल्जियम देशांतील आहे. गील नांवाच्या गांवीं संत दिम्फ्नाचें मंदिर आहे. तिची दंतकथा अशी: ती आयर्लंडांतील एका राजाची कन्या. राणीच्या मरणानें राजाचें चित्त भ्रमलें व त्यानें स्वतःच्या मुलीचाच लोभ धरला. ती आपल्या धर्मगुरूसह पळून गीलला आली. बापानें तेथें येऊन तिचा वध केला. पुढें मनोरुग्णांस घेऊन लोक तिच्या मंदिरीं यात्रेस येऊं लागले. मंदिराजवळची खोली पुरेना, तेव्हां गांवकऱ्यांनीं रोग्यांस आपापल्या घरीं ठेवून घेतलें. शेंकडों वर्षें हीच रीत चालली. १९३८ च्या सुमारास त्या गांवांत साडेतीन हजारांहून अधिक रोगी लोकांच्या घरांतून राहत होते, शेतांत काम करीत होते, एकाच टेबलाशीं जेवत होते. ही दंतकथा खरी कीं खोटी ह्याचा वाद असो; परंतु जी स्वतः अत्याचाराची बळी तीच मनोरुग्णांची कैवारी, हें त्या जुन्या लोकांस सुचलें, ह्यांत मोठें शहाणपण आहे. त्याचा प्रत्यय आमच्याच जिल्ह्यांत कसा आला, तें पुढें येईल.

दफनभूमीचा कोपरा

आतां आपल्या घराकडे पाहूं. कित्येक जुन्या कबरस्तानांत कुंपणाबाहेर एखादा कोपरा असे. तेथें क्रूस नसे. ज्यांनीं आपलें जीवन आपल्या हातानें संपविलें, त्यांस तेथें पुरीत. १९१७ सालच्या धर्मविधीच्या संहितेंत, १२४० व्या कलमांत, बुद्धिपुरस्सर आत्महत्या करणारास ख्रिस्ती दफनविधि नाकारला होता. 'बुद्धिपुरस्सर' हा शब्द कायद्यांत होता. परंतु बुद्धि शाबूत होती कीं नव्हती, हें ठरविण्यास वैद्य कोठें होता? शंका आल्यास दयेची बाजू घेणारे धर्मगुरूही होते, पण दुःखांत बुडालेल्या कुटुंबाच्या पदरीं पुष्कळ वेळां लज्जाच पडली. १९८३ सालीं नवी संहिता आली, तींत हा निषेध राहिला नाहीं. १९९२ सालच्या धर्मशिक्षणग्रंथानें स्पष्ट सांगितलें कीं गंभीर मानसिक विकार, तीव्र यातना किंवा भय ह्यांमुळें अशा माणसाची जबाबदारी कमी होते, व त्याच्या तारणाविषयीं आपण निराश होऊं नये. आमच्या हातून ज्या मुलाचें दफन झालें, तें कुंपणाच्या आंत झालें. त्या आईच्या आजीच्या काळीं तें तसें झालें नसतें.

इंग्लंडांतील एका अँग्लिकन धर्मगुरूची हकीकत येथें सांगण्यासारखी आहे. चॅड वाराह हे तरुण असतां, १९३५ सालीं, त्यांस एका चौदा वर्षांच्या मुलीचें दफन करावें लागलें. तिला ऋतु प्राप्त झाला होता. हा कांहीं घाणेरडा रोग आहे अशा समजुतीनें तिनें जीव दिला. विचारण्यास तिला कोणी नव्हतें. अठरा वर्षांनीं, २ नोव्हेंबर १९५३ रोजीं, लंडनमधील आपल्या मंदिरांत त्यांनीं एक टेलिफोन ठेवला व जीव नकोसा झालेल्यांनीं आम्हांस हांक मारावी असें जाहीर केलें. आपल्या पंचांगांत तो मृतांच्या स्मरणाचा दिवस. लवकरच त्यांच्या लक्षांत आलें कीं फोनजवळ थांबून ऐकून घेणाऱ्या साध्या स्वयंसेवकांशीं बोलूनच पुष्कळ लोक हलके होऊन जातात. आज जगांत जे असे फोन चालतात, त्यांचा उगम बव्हंशीं तेथें आहे.

दुसऱ्या जखमेविषयींही ख्रिस्तसभेनें कबुली दिली आहे. धर्मसेवकांच्याच हातून लहान मुलांवर अत्याचार झाले व ते दडविले गेले, ही लाजिरवाणी गोष्ट जगापुढें आली. ९ मे २०१९ रोजीं परमगुरुस्वामी फ्रान्सिस ह्यांनीं आज्ञापत्र काढून प्रत्येक धर्मप्रांतांत तक्रार घेण्याची व्यवस्था असावी, धर्मगुरु व व्रतस्थ ह्यांनीं अशी गोष्ट कळल्यास ती कळविलीच पाहिजे, व पीडितास आध्यात्मिक तसेंच वैद्यकीय साहाय्य द्यावें, असें ठरविलें. २०२३ सालीं ते नियम कायमचे झाले. गप्प बसणें हा सद्गुण नव्हे, हें आम्हांस रोमकडूनही ऐकावें लागलें.

आमच्या जिल्ह्यांतील तीन ठिकाणें

स्वातंत्र्योत्तर काळांत आमच्या जिल्ह्यानें ह्या बाबतींत जें केलें, तें अभिमानानें सांगण्याजोगें आहे. त्यांतील तीन ठिकाणांचाच येथें उल्लेख करितों.

१९७० सालीं डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे हें ख्रिस्ती दांपत्य जामखेडच्या दुष्काळी मुलुखांत आलें. त्यांनीं खेड्यांतील बायकांसच आरोग्याचें शिक्षण दिलें. त्यांत कित्येक निरक्षर व दलित होत्या. १९७९ सालीं दोघांस मॅगसेसे पारितोषिक मिळालें. त्यांचें काम मुख्यतः बाळंतिणी, अर्भकें, कुष्ठरोगी ह्यांचें. परंतु आमच्या विषयास त्यांनीं एक तत्त्व दिलें. जी बाई गांवांत घरोघर जाते, तिलाच कोणत्या घरांत मारहाण होते व कोणत्या घरांत कोण आठ दिवस कोणाशीं बोललें नाहीं, हें सर्वांत आधीं कळतें. मोठ्या डॉक्टराच्या आधीं शेजारीण लागते.

१९८९ सालीं गिरीश कुलकर्णी ह्या तरुणानें नगरांत स्नेहालय सुरू केलें. शहरांतील वेश्यावस्तींत वाढणाऱ्या मुलांची दशा त्यांनीं पाहिली होती. रात्रीं त्या मुलांस निजण्यास जागा नसे. मुलांपासून सुरू झालेलें हें काम त्यांच्या आयांपर्यंत, एचआयव्हीनें ग्रासलेल्यांपर्यंत, फसवून विकल्या गेलेल्या मुलींपर्यंत व टाकून दिलेल्या अर्भकांपर्यंत गेलें. फुल्यांनीं पुण्यांत उघडलेलें दार सव्वाशें वर्षांनीं नगरांत पुन्हां उघडलें, असेंच म्हणावें लागेल.

१९९८ सालीं डॉ. राजेंद्र व डॉ. सुचेता धामणे ह्यांनीं माउली सेवा प्रतिष्ठान स्थापिलें. आरंभीं हें दांपत्य रस्त्याकडेच्या बेवारस मनोरुग्णांस डबा नेऊन देत असे. डबा देतां देतां त्यांच्या ध्यानांत आलें कीं स्त्रियांस केवळ अन्न देऊन भागत नाहीं. रात्र झाली कीं त्यांस धोका असतो. म्हणून नगरजवळ शिंगवे नाईक येथें त्यांनीं अशा स्त्रियांसाठीं घर उभें केलें. शेंकडों स्त्रिया तेथें आल्या. त्यांपैकीं कित्येकींच्या बरोबर रस्त्यावर झालेल्या अत्याचारांतून जन्मलेलीं मुलें होतीं.

येथें वाचकांनीं क्षणभर थांबावें. ह्या लेखाच्या आरंभीं आम्हीं दोन प्रकारचीं माणसें सांगितलीं: दुसऱ्यानें घायाळ केलेलीं व स्वतःच्या मनानें घायाळ झालेलीं. शिंगव्याच्या त्या घरांत हा भेद टिकत नाहीं. बाईचें मन बिघडतें, म्हणून नवरा किंवा भाऊ तिला घराबाहेर काढतो. बाहेर काढलेली म्हणून तिच्यावर अत्याचार होतो. अत्याचार झाला म्हणून मन आणखी बिघडतें. तिची साक्ष कोण मानणार? फिर्यादींत ती पीडित म्हणून आली नाहीं, इस्पितळांत रोगी म्हणून आली नाहीं. दोन्ही वह्यांत तिचें नांव नव्हतें. उलट बाजूनेंही तेंच: ज्या मुलीवर अत्याचार होतो, ज्या बापाचा मुलगा मारला जातो, त्यांची झोप, भूक व जगण्याची इच्छा हींही त्या घावांत जातात. दोन जखमा बहुधा एकाच देहावर असतात. संत दिम्फ्नेच्या यात्रेकरूंस जें उमगलें होतें, तें आमच्या जिल्ह्यांत ह्या दांपत्यानें डोळ्यांसमोर उभें केलें.

निकालानंतर काय

आमच्या जिल्ह्याचें नांव दुःखद कारणांनींही देशभर गेलें आहे. १ जानेवारी २०१३ रोजीं नेवासा तालुक्यांतील सोनई येथें सफाई कामगार समाजांतील तीन तरुणांचा खून झाला. प्रेमप्रकरणांत जात आड आली हें त्याचें कारण. २०१८ च्या जानेवारींत नाशिकच्या न्यायालयानें सहा जणांस फांशीची शिक्षा सुनावली. २८ एप्रिल २०१४ रोजीं जामखेड तालुक्यांतील खर्डा येथें एका शाळकरी दलित मुलाचा खून झाला. त्या खटल्यांत साक्षीदार फिरले व २०१७ च्या नोव्हेंबरांत आरोपी निर्दोष सुटले. १३ जुलै २०१६ रोजीं कर्जत तालुक्यांतील कोपर्डी येथें पंधरा वर्षांच्या मुलीवर अत्याचार होऊन तिचा खून झाला. महाराष्ट्रभर लाखोंचे मूक मोर्चे निघाले, व २०१७ च्या नोव्हेंबरांत तिघांस फांशीची शिक्षा सुनावली गेली.

आमच्यापैकीं पुष्कळांचे वाडवडील अशाच वाड्यावस्त्यांतून आले. म्हणून ह्या नांवांविषयीं आम्हांस परकेपणानें बोलतां येत नाहीं. कोठें मोर्चे निघाले, कोठें निघाले नाहींत, कोठें शिक्षा झाली, कोठें झाली नाहीं. परंतु तिन्ही ठिकाणीं एक गोष्ट सारखी आहे. वर्तमानपत्रें निकालाच्या दिवसापर्यंत लिहितात. निकालानंतरच्या दिवशीं सकाळीं ती आई चूल पेटविते, तेव्हां तिच्याजवळ कोण असतें? खर्ड्याच्या प्रकरणानें तर हेंही दाखविलें कीं साक्षीदारास आधार नसेल तर कायदा किती लिहिला तरी तो कागदावरच राहतो.

ह्या प्रश्नाचें उत्तर कायद्यानें उशिरां कां होईना देण्यास आरंभ केला आहे. १९८५ सालीं संयुक्त राष्ट्रांनीं गुन्ह्याच्या बळींच्या हक्कांविषयीं जाहीरनामा काढला. आपल्याकडे २००९ च्या अखेरीस फौजदारी कायद्यांत नवें कलम येऊन पीडितास भरपाई देण्याची योजना प्रत्येक राज्यानें करावी असें ठरलें; १ जुलै २०२४ पासून लागूं झालेल्या नव्या संहितेंतही तें ३९६ व्या कलमांत आहे. २०१२ सालीं बालकांच्या संरक्षणाचा कायदा आला. लहान मुलावर अत्याचार झाल्याचें कळूनही न कळविणें हा त्या कायद्यानें गुन्हा आहे, व त्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊं शकते. त्या बापासमोर आम्ही जसे बसलों होतों, तसें आज बसणें हा गुन्हा ठरेल. तें योग्यच आहे. २ ऑक्टोबर २०१३ पासून महाराष्ट्र सरकारची मनोधैर्य योजना सुरू झाली. बलात्कार, बालकांवरील अत्याचार व आम्लहल्ला ह्यांतील पीडितांस तींतून द्रव्यसाहाय्य व मानसिक उपचार मिळतात. तिच्यांत पुढें सुधारणा होऊन साहाय्य दहा लाख रुपयांपर्यंत झालें व काम जिल्हा विधि सेवा प्राधिकरणाकडे आलें. अशा पीडितेवर सरकारी वा खासगी कोणत्याही इस्पितळानें तात्काळ विनामूल्य उपचार केलेच पाहिजेत. २०१८ च्या डिसेंबरांत सर्वोच्च न्यायालयानें साक्षीदार संरक्षणाची योजना देशभर लागूं केली.

स्त्रियांच्या बाबतींत मुंबईनें वाट दाखविली. १९८४ सालीं टाटा समाजविज्ञान संस्थेनें पोलीस आयुक्तांच्या कचेरींतच स्त्रिया व मुलें ह्यांसाठीं विशेष कक्ष उघडला. २००० सालीं वांद्रें येथील भाभा रुग्णालयांत 'दिलासा' हें केंद्र निघालें. हाड मोडलें म्हणून इस्पितळांत आलेल्या बाईस, तें कोणीं मोडलें, असें हलक्या आवाजांत विचारणारी परिचारिका तेथें प्रथम तयार झाली. २०१५ पासून केंद्र सरकारनें 'सखी' नांवाचीं केंद्रें जिल्ह्याजिल्ह्यांत काढण्यास आरंभ केला. तेथें निवारा, वैद्यकीय मदत, पोलीस, वकील व समुपदेशन हीं एका छपराखालीं मिळावीं असा हेतु आहे.

मनोरुग्णांविषयींही कायदा पालटला. २०१७ सालीं मानसिक आरोग्यसेवेचा कायदा झाला व २९ मे २०१८ पासून तो लागूं आहे. रोग्यास साखळीनें बांधण्यास त्यानें बंदी केली. रस्त्यांत सांपडलेल्या मनोरुग्णास कोठडींत न ठेवतां चोवीस तासांच्या आंत सरकारी आरोग्यसंस्थेंत न्यावें, अशी पोलिसांवर जबाबदारी टाकली. जीव देण्याचा प्रयत्न करणारा मनुष्य तीव्र मानसिक ताणाखालीं होता असें मानावें व त्यास शिक्षेऐवजीं उपचार द्यावे, असें ठरविलें. १८६० पासून अशा माणसास कैदेंत टाकणारें कलम होतें. २०२४ च्या नव्या दंडसंहितेंत तें त्या रूपानें राहिलें नाहीं. चोराच्या वाटेनें डॉक्टराकडे जाणारा रोगी शेवटीं रोग्याच्याच वाटेनें जाऊं लागला, ह्यास सुमारें एकशें साठ वर्षें लागलीं.

आज रात्रीं थाप पडली तर

इतक्या इतिहासाचा उपयोग काय, असें कोणी विचारील. उपयोग हा कीं आज दार आहे. पण दाराची वाट दाखविणारा मनुष्य पाहिजे. अकोल्याचा डोंगर अजून तेवढाच दूर आहे व लाजही फारशी कमी झालेली नाहीं. म्हणून आमच्या बंगल्याच्या दाराच्या आंतल्या बाजूस आम्हीं पांच आंकडे मोठ्या अक्षरांत लिहून लावले आहेत. वाचकांनींही ते आपल्या घरीं लिहून ठेवावे. तांतडीच्या संकटीं पोलीस व रुग्णवाहिकेसाठीं ११२. स्त्रियांसाठीं १८१. मुलांसाठीं १०९८, ही सेवा १९९६ सालीं मुंबईंत सुरू झाली, व २०२३ पासून ती सरकार स्वतः चालवितें. विनामूल्य वकिलासाठीं १५१००. आणि मन सैरभैर झालेल्या माणसासाठीं, किंवा त्याच्या आईसाठींही, १४४१६. १० ऑक्टोबर २०२२ पासून चालूं असलेल्या ह्या टेली-मानस सेवेवर दिवसरात्र मराठींत बोलतां येतें.

आंकड्यांखालीं तीन वाक्यें लिहिलीं आहेत, तीं आमच्या दोन चुकांनीं आम्हांस शिकविलीं. पहिलें: आधीं ऐकावें, तूं तेथें कां गेलीस, असें विचारूं नये. दुसरें: जीव नकोसा झालेल्यास त्या रात्रीं एकटें परत पाठवूं नये. तिसरें: प्रार्थना जीपमध्येंही करितां येते.

ती आई अजून मिस्सेस येते. दर वर्षीं २ नोव्हेंबरला, कबरींवर मेणबत्त्या लावण्याच्या वेळीं, ती मुलाच्या क्रुसाजवळ बसते. गेल्या वर्षीं तिच्याबरोबर वस्तींतील दुसरी एक बाई होती; तिच्या मुलाचेंही मन बिघडलें आहे. आम्हांस कळलें कीं त्या मुलास दर महिन्यास औषधासाठीं नगरच्या जिल्हा रुग्णालयांत घेऊन जाणारी हीच आहे. पहांटेची एस.टी. धरून ती दोघांसह जाते व सायंकाळीं परत येते. तिला हें करावयास कोणीं सांगितलें नव्हतें. ह्या ज्युबिलीच्या पुस्तकांत ज्यांचीं नांवें छापलीं गेलीं नाहींत, त्यांत तिचेंही आहे; परंतु आमच्या धर्मग्रामाचा इतिहास ज्यांनीं घडविला, त्यांत आम्ही तिला मोजतों.